ग्दान्स्कची मागची बाजू

पोलंडमधल्या ग्दान्स्कला आलेला प्रत्येक जण द्वुगा रस्त्यावर उभा राहून फोटो काढतो. काढावासाच वाटतो. एका टोकाला सोनेरी दरवाजा, समोर टाऊन हॉलचा निमुळता मनोरा, मनोऱ्याच्या टोकावर सोन्याचा मुलामा दिलेला राजा, पलीकडे नेपच्यूनचं कारंजं, आणि दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी असलेली, तीन-तीन खिडक्यांच्या रुंदीची उभट घरं. एखादं गुलाबी, एखादं राखाडी, एखाद्यावर भित्तिचित्रं. माथ्यावर कंगोरे आणि कंगोऱ्यांवर दगडी पुतळे. मीही बरेच फोटो काढले. मग घरांच्या रांगेतला एक बोळ दिसला म्हणून सहज मागे गेलो, आणि या शहराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते तिथे सापडलं.

मागे गवत आहे. चार मोठी झाडं, एक घसरगुंडी, कचऱ्याचे डबे, ओळीने उभ्या केलेल्या गाड्या. गालिचे टांगून झोडपायचा एक लोखंडी दांडा, पोलंडमधल्या जुन्या वसाहतींत हमखास दिसतो तसा. आणि पुढून इतक्या नटलेल्या त्या घरांच्या पाठीला साधा गिलावा, एका मापाच्या खिडक्या, नक्षी औषधालाही नाही. पुढून जी पाच निरनिराळी घरं वाटत होती ती मागून एकच लांबलचक, चाळीसारखी इमारत दिसते. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. पुढच्या रस्त्यावरच्या गर्दीचा आवाज इथपर्यंत पोहोचत नव्हता.

हे दृश्य पाहिलेल्या अनेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते: म्हणजे पुढचं सगळं खोटंच! नाटकाचा रंगवलेला पडदा. सातशे वर्षांचं शहर म्हणून आपल्याला दाखवतात आणि निघतं १९५० च्या दशकातलं बांधकाम. वास्तुकलेच्या जाणकारांमध्येही हा आक्षेप जुना आहे. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ग्दान्स्कच्या पुनर्बांधणीतला सर्वांत सच्चा भाग म्हणजे ही मागची बाजू. ती ज्या कारणासाठी बांधली ते कारण आज धोक्यात आलं आहे, आणि दर्शनी भिंतींच्या खऱ्याखोट्यावर वाद घालण्यात आपण ते विसरून चाललो आहोत.

आधी काय घडलं ते सांगायला हवं. बाल्टिक समुद्राकाठचं हे बंदर १९४५ पर्यंत जगाला डान्झिग या जर्मन नावाने जास्त माहीत होतं. १९२० पासून ते ना जर्मनीत होतं ना पोलंडमध्ये. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) संरक्षणाखालचं ते एक 'मुक्त शहर' होतं. वस्ती मात्र बहुतांश जर्मनभाषक. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेने इथल्याच वेस्टरप्लाटे या जागेवरच्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटलं. ते युद्ध मार्च १९४५ मध्ये या शहरात परत आलं. सोव्हिएत संघाची लाल सेना आत शिरली. तोफा आणि बॉम्ब होतेच, त्यात शहर ताब्यात आल्यावरही आगी भडकत राहिल्या. ऐतिहासिक गाभ्याचा बहुतेक सगळा भाग जळाला. सेंट मेरी हे विटांनी बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक. त्याचं छप्पर जळालं आणि बऱ्याच कमानी कोसळल्या. त्या काळच्या फोटोंत विटांच्या ढिगांमधून सुळक्यासारख्या उभ्या राहिलेल्या भिंती दिसतात. त्या भिंतींमागे घर उरलेलं नाही.

मग माणसंच बदलली. जर्मन रहिवासी काही आधीच पळाले होते, उरलेल्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत बाहेर काढण्यात आलं. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधून लोक आले. शिवाय पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाने घेतल्यामुळे व्हिल्नो (आजचं व्हिल्निउस) आणि ल्वूफ (आजचं ल्विव्ह) या शहरांतून आणि त्यांच्या आसपासच्या गावांतून उठवलेले लोकही आले. आपली गल्ली, आपलं चर्च, आपल्या आजोबांची कबर मागे टाकून ते एका जळक्या परक्या शहरात उतरले. इथली एकही गल्ली त्यांच्या ओळखीची नव्हती. दारांवरच्या पाट्या परक्या भाषेतल्या होत्या. या लोकांनी हे शहर उभं केलं. पुनर्बांधणीवर मत देताना ही गोष्ट क्षणभरही नजरेआड होऊ द्यायची नाही, असं मी स्वतःला बजावत असतो.

उभं करायचं की नाही, यावरच मोठा वाद झाला. भग्नावशेष तसेच राखावेत, असं काहींचं म्हणणं होतं. नव्या काळाला शोभेल असं नवं शहर बांधावं, असं काही म्हणत. आणि एक प्रश्न उघडपणे विचारला जाई: जर्मनांचं शहर आपण पोलंडच्या पैशाने पुन्हा का बांधायचं? त्यावरचं उत्तर इतिहासातून काढण्यात आलं. १४५४ पासून १७९३ पर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षं हे बंदर पोलंडच्या राजाच्या छत्राखाली होतं. पोलंडचं धान्य विस्तुला नदीतून इथे यायचं, इथून जहाजांनी हॉलंडला जायचं आणि त्या पैशातून ही घरं उभी राहिली. म्हणजे ती आपलीही आहेत. १९४७ मध्ये ऐतिहासिक गाभ्याला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. पण नुसत्या दर्जाने विटा चढत नाहीत. पैसा आला तो कामगारांसाठी वसाहती बांधणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून. वारसा सांभाळणाऱ्यांना जुन्या दर्शनी भिंती हव्या होत्या, सरकारला घरं हवी होती, आणि बेघर माणसं दाराशी उभी होती. या तिघांच्या ओढाताणीतून आजचं 'मुख्य शहर', म्हणजे द्वुगाच्या आसपासची ही जुनी पेठ, जन्माला आलं.

ही तडजोड नीट पाहण्यासारखी आहे. मूळ डान्झिगमधले भूखंड अरुंद आणि खोल होते. रस्त्याला लागून मालकाचं घर, त्यामागे चिंचोळा चौक, चौकाला धरून मागची सोपे-खोल्यांची इमारत, तिच्याही मागे कोठार नाहीतर कारखाना. सूर्य आत पोहोचायचा नाही, हवा खेळायची नाही, मागच्या खोल्यांत गरीब भाडेकरू कोंबलेले असायचे. १९५० च्या दशकातल्या लोकांनी रस्ता जसाच्या तसा ठेवला, घरांची रुंदी, उंची, माथ्याचा आकार ठेवला, आणि मागचं सगळं गाळून टाकलं. चारी बाजूंनी रस्ते असलेल्या चौकोनांच्या पोटात मोकळी अंगणं सोडली. अनेक ठिकाणी दोन-तीन दर्शनी भिंतींच्या मागे एकच जिना घेतला, म्हणजे जिन्यात जाणारी जागा वाचून खोल्यांना मिळाली. एकेका व्यापाऱ्याच्या हवेलीच्या जागी न्हाणीघर-स्वयंपाकघर असलेली, उजेडाची, छोटी बिऱ्हाडं झाली. जहाजबांधणीतला कामगार, शाळामास्तर, रेल्वेतला कारकून अशी साधी माणसं श्रीमंत सावकारांच्या पत्त्यावर राहायला आली. युरोपातल्या किती ऐतिहासिक पेठांबद्दल असं म्हणता येईल?

आणि दर्शनी कामात हात राखून काही केलं, असंही नाही. मारियात्स्का गल्लीत गेलात तर मराठी माणसाला पटकन ओळखीची वाटेल अशी गोष्ट दिसते: ओटे. प्रत्येक घरापुढे चार-सहा पायऱ्या चढून जायचा दगडी ओटा, त्याला कोरीव कठडा, खाली तळघराचं दार. पावसाचं पाणी रस्त्यावर फेकणाऱ्या दगडी पन्हळी, त्यांची तोंडं माशाची नाहीतर राक्षसाची. संध्याकाळी घरातली माणसं या ओट्यावर बसत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. एकोणिसाव्या शतकात वाहतुकीला अडथळा म्हणून इतर रस्त्यांवरचे बरेच ओटे काढून टाकले गेले. योहान कार्ल शुल्त्स या इथल्या जर्मन चित्रकाराने तेव्हा ते वाचवण्यासाठी खटपट केली आणि शहराची बारकाईची कोरीवचित्रं करून ठेवली. तशी जुनी चित्रं, फोटो आणि मोजमापं समोर ठेवून पोलिश कारागिरांनी काम केलं. ढिगाऱ्यात सापडलेला कठड्याचा तुकडा, दाराच्या चौकटीचा दगड, पन्हळीचं तोंड उचलून जपून ठेवलं आणि शक्य तिथे परत बसवलं. नव्या भिंतीत जुना दगड कुठे आहे ते आजही नीट पाहिलं तर कळतं. त्याचा रंग काळपट आहे, कडा आगीने तडकलेल्या आहेत.

आर्थर सभागृह या व्यापाऱ्यांच्या जुन्या बैठकीच्या जागेतली, दालन तापवायची शेगडी याहून सुंदर उदाहरण आहे. सोळाव्या शतकातली ही रंगीत फरशांची शेगडी जवळजवळ साडेदहा मीटर उंच, म्हणजे तीन मजली घराएवढी, आणि तिला ५२० फरशा. युद्धात ती सुटी करून शहराबाहेर हलवली. युद्धानंतर काही फरशा मिळाल्या, काही फुटलेल्या निघाल्या, काही गेल्याच. सगळं जुळवून ती पुन्हा उभी राहिली १९९५ मध्ये. पन्नास वर्षं लागली. बहुतेक फरशा मूळच्या आहेत, उरलेल्या नव्या करून घातल्या आहेत. तिला कुणी खोटी म्हणेल का? मला तरी म्हणवत नाही. तिच्यासमोर उभं राहिलं की मोडलेलं भांडं फेकून न देता चिकटवत बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात.

खोटेपणाचा आक्षेप मला म्हणूनच पोकळ वाटतो. फसवणूक व्हायला काहीतरी लपवावं लागतं. १९५५ साली इथे राहणाऱ्या कुणालाही घर नवीन आहे हे माहीत होतं. त्यांनीच राडारोडा उपसला होता. दर्शनी भिंतींवरची पुष्कळशी चित्रं तर सरळसरळ १९५० च्या दशकातली आहेत. जवळच्या सोपोत गावच्या कलाशाळेतल्या चित्रकारांनी ती काढली, आणि ती त्यांच्या काळाच्या शैलीत काढली. सेंट मेरी चर्चच्या छपराचा सांगाडा आता काँक्रीटचा आहे. वॉर्साच्या जुन्या शहराचीही अशीच पुनर्बांधणी झाली आणि १९८० मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून स्वीकारलं, ते पुन्हा बांधलं आहे हे पूर्ण माहीत असताना.

न बांधलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर कल्पनेत शोधायची गरज नाही. पूर्वेला थोड्याच अंतरावर कालिनिनग्राद आहे, पूर्वीचं क्योनिग्सबेर्ग. तेही जर्मन बंदर, तेही जळालं, तिथलेही रहिवासी हाकलले गेले आणि नवी माणसं वसवली गेली. तिथल्या किल्ल्याचे अवशेष १९६८ मध्ये सुरुंग लावून उडवले. त्याच परिसरात 'सोव्हिएत भवन' नावाची अवाढव्य काँक्रीटची इमारत बांधायला घेतली. ती कधीच वापरात आली नाही, पन्नासेक वर्षं रिकामी उभी राहिली आणि शेवटी पाडावी लागली. घरं तिथल्या लोकांनाही मिळाली, ते मी नाकारत नाही. पण पायी फिरावं, कोपऱ्यावर थांबावं, हाक मारावी असा शहराचा गाभा त्यांच्या वाट्याला आला नाही. ग्दान्स्कला तो मिळाला. तो बनवलेला आहे म्हणून कमी मोलाचा ठरत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी कुठला भूतकाळ उभा करायचा हे निवडलं. १७९३ मध्ये पोलंडच्या दुसऱ्या फाळणीत हे शहर प्रशिया या जर्मन राज्याने घेतलं. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत जे बांधलं गेलं त्यातलं फारसं काही मुख्य शहरात परत आलं नाही. हॉलंडची, फ्लँडर्सची, इटलीची छाप असलेल्या शैली पुढे आल्या आणि एकोणिसाव्या शतकातली दुकानं, बँका, चार-पाच मजली भाड्याच्या इमारती ढिगाऱ्यातच राहिल्या. त्या काळी एकोणिसाव्या शतकाची वास्तुकला युरोपभरातल्या तज्ज्ञांना नकोशीच होती, हे कारण आहेच. पण इथे त्याला राजकारणाची जोड होती. शहर जर्मन दिसायला नको होतं.

यात जे गळालं त्यात केवळ प्रशियाच्या बँका नव्हत्या. १८८७ मध्ये बांधलेलं मोठं सिनागॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं. ते युद्धाने पाडलेलं नाही. नाझींच्या छळाने जेरीला आलेल्या ज्यू समाजाला ते विकावं लागलं, त्या पैशातून लोकांच्या देशांतराची सोय करायची होती, आणि १९३९ च्या वसंतात, युद्धाच्या काही महिने आधी, शहराच्या नाझी सत्तेने ते जमीनदोस्त केलं. पुढे शहर उभं करताना कुणाला त्याची आठवण ठेवावीशी वाटली नाही. ज्या शतकाला वगळायचं होतं त्याच शतकातलं ते होतं. दर्शनी भिंतींबद्दल खोटेपणाचा आरोप मला मान्य नाही, पण या गाळण्याबद्दल मी तो पूर्ण मान्य करतो. चाळीस वर्षं शाळेतल्या मुलांना असं सांगितलं गेलं की हे शहर मुळात पोलिशच होतं आणि आता घरी परतलं आहे. १९८९ नंतर चित्र बरंच बदललं. इथल्याच तरुणांनी जुनी जर्मन छायाचित्रं जमवली, पुसलेल्या पाट्यांची अक्षरं शोधली, आपल्या घरात आधी कोण राहत होतं हे विचारायला सुरुवात केली.

तेव्हा सिनागॉग पुन्हा बांधा, प्रशियाच्या बँका पुन्हा बांधा, असं मी म्हणणार नाही. १९५० मध्ये नव्या दर्शनी भिंतींमागे माणसं राहायला येणार होती. आज अशी भिंत बांधली तर तिच्यामागे कोण येईल? ज्यांची ती वास्तू होती तो समाज तिथे उरलेला नाही. त्यांच्याबद्दल सांगत राहणं, शिकवत राहणं, जागा दाखवत राहणं हे करता येतं आणि करायलाच हवं.

घर गमावलेल्या माणसांचा विषय निघाला की मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधल्या त्यांच्या घरांतून उचलून सायबेरियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ते भारतात आले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता, परत जायचं कुठे? ज्या मुलखातून त्यांना उचललं तो आता पोलंडमध्ये नव्हताच. काही जण इंग्लंडला गेले, काही इतर देशांत पांगले, काही नव्या सरहद्दींच्या पोलंडला परतले. ग्दान्स्कमध्ये वसलेल्या कित्येकांचं हरवलेलं गाव आणि वळिवड्याच्या बराकीत राहिलेल्यांचं हरवलेलं गाव एकाच मुलखातलं. अशा माणसाला राहायला घर देणं, आणि ते घर एखाद्या रेखीव, मान असलेल्या रस्त्यावर देणं, याचं मोल दगडाच्या वयावरून करणारे लोक कधी बेघर झालेले नसावेत असं वाटतं.

आता आजच्याबद्दल.

मी ग्दान्स्कमध्ये ज्या घरात उतरलो ते अशाच एका इमारतीत होतं. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, मागच्या अंगणावर उघडणारी खिडकी. मालक भेटलाच नाही. दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची एक डबी होती, तिच्यात किल्ली. तशा डब्या त्या एका दारापाशी पाच होत्या. घंटीच्या पाटीवर काही ठिकाणी आडनावं होती आणि बाकी ठिकाणी फक्त घराचा क्रमांक. रात्री जिन्यात बॅगांची चाकं धडधडत राहिली. सकाळी सातला एक गृहस्थ कामावर जायला निघाले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, पण चेहऱ्यावर रोज नवा पाहुणा बघणाऱ्याचा थकवा होता. त्या थकव्याला मीही कारण होतो. हॉटेलपेक्षा स्वस्त पडलं आणि 'खऱ्या' जुन्या घरात राहायला मिळतंय म्हणून मी ते घर घेतलं होतं. तिथे राहायला हवं होतं असं एखादं कुटुंब दूर उपनगरात गेलं असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

हे कसं झालं, हे समजण्यासारखं आहे. १९८९ नंतर पोलंडमधल्या महापालिकांनी आपल्या मालकीची घरं भाडेकरूंना मोठ्या सवलतीत विकली. लोकांना हक्काचं घर मिळालं, ते चांगलंच झालं. पण तीस वर्षांनी ती पिढी म्हातारी झाली, मुलं दुसरीकडे गेली, आणि द्वुगाजवळचं दोन खोल्यांचं घर रात्रीच्या दराने देण्यात महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळू लागले. कुठलाही मालक तेच करेल. मी त्याला दोष देत नाही. प्रत्येक मालकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज म्हणजे रिकामी होत चाललेली पेठ. तळमजल्यावर अंबरचे दागिने, वॉफल, बिअर. दुधाची पिशवी, कपड्यांना बटण, चपलेला टाका हवा असेल तर चालत राहा.

नदीपलीकडच्या धान्यकोठारांच्या बेटावर हे आणखी ठळक दिसतं. एके काळी तिथे तीनशेहून अधिक कोठारं होती. १९४५ मध्ये ती जळाली आणि बेटाचा मोठा भाग कित्येक दशकं पडक्या भिंती आणि झुडपांत तसाच राहिला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे बांधकाम झालं, कोठारांच्या आकाराची आठवण करून देणाऱ्या, नीटनेटक्या, महागड्या इमारती आल्या. हॉटेलं, रेस्तराँ, गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं. रचना म्हणून त्यातलं बरंच काही मला आवडलं. पण १९५० च्या दशकात जो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता, इथे राहणार कोण, तो या बेटावर शेवटी विचारला गेलेला दिसतो.

पर्यटन हवं, त्यावर हजारो लोकांचं पोट आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. मीही पर्यटकच होतो. हॉटेलात उतरलो असतो तरी मी तेवढेच पिएरोगी खाल्ले असते आणि चर्चच्या मनोऱ्यावर चढलो असतो. वाद एवढाच आहे की माणसांना राहण्यासाठी, सार्वजनिक पैशातून, मुद्दाम मागची अंगणं मोकळी सोडून बांधलेली घरं बाजाराने मुकाट्याने हॉटेलच्या खोल्या करून टाकायच्या का. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांसाठीची घरं बंद करायचं ठरवलं आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा घरांची नोंदणी आणि माहिती यांचे नियम केले. नोंदणी झाली म्हणजे निदान मोजता येईल. पण मोजून झाल्यावर कुठल्या पेठेत किती घरं अशी चालतील, एका जिन्यावर किती चालतील, शेजाऱ्यांची संमती लागेल की नाही, हे शहराला ठरवता आलं पाहिजे. पोलंडच्या कायद्याने ग्दान्स्कला तो अधिकार द्यायला हवा. आणि मुख्य शहरात ज्या जागा अजून महापालिकेच्या मालकीच्या आहेत त्यातली एकही विकू नये. तळमजल्यावरचा गाळा किराणावाल्याला, चांभाराला, दवाखान्याला कमी भाड्याने द्यावा. महसूल बुडेल, हे खरं. १९५० मध्येही या रस्त्यावर महसुलाचा विचार करून बांधलं असतं तर तिथे बिऱ्हाडं आलीच नसती.

या शहराने स्वतःच ही मागणी एकदा लिहून ठेवली आहे. ऑगस्ट १९८० मध्ये इथल्या जहाजबांधणी कारखान्यात संप झाला, सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना जन्माला आली आणि संपकऱ्यांनी लाकडी फळ्यांवर एकवीस मागण्या रंगवून फाटकावर टांगल्या. त्या फळ्या २००३ पासून युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत आहेत. लोकांना पहिली मागणी आठवते, स्वतंत्र कामगार संघटनांची. एकोणिसावी मागणी होती की घर मिळण्यासाठी करावी लागणारी प्रतीक्षा कमी करा. तो कारखाना द्वुगा रस्त्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

वारसा जपणाऱ्यांकडे माझं आणखी एक मागणं आहे, आणि ते कदाचित त्यांना विचित्र वाटेल. दर्शनी भिंतींना संरक्षण आहेच. आता त्या मागच्या भिंतींनाही द्या. साधा गिलावा, एका मापाच्या खिडक्या, सामाईक जिना, घसरगुंडीचं अंगण, गालिचे झोडपायचा दांडा, हे सगळं आता सत्तर वर्षांचं झालं आहे. ढिगाऱ्यातून उठलेल्या समाजाने काय महत्त्वाचं मानलं त्याचा तो पुरावा आहे. द्वुगाजवळची एवढी मोकळी जागा बिल्डरांच्या नजरेतून सुटणार नाही. उद्या कुणी येऊन म्हणेल की मूळ शहरात इथे मागच्या इमारती होत्याच, इतिहासाला धरून आम्ही त्या पुन्हा बांधतो, आणि नकाशावर तो बरोबर असेल. त्याला नकार द्यायचा असेल तर या अंगणाचं नाव आजच वारशाच्या यादीत चढलं पाहिजे, घसरगुंडीसकट.